खोक्यावरचे लिटर आणि टाकीतली ओढ

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की सांगली-मिरजेच्या बाजारात कूलरच्या पंपांची आणि फिश टँकच्या पंपांची मागणी एकदमच वाढते. पुष्कळदा खोकेही एकच असते. वर कूलर, कारंजे आणि मासा अशी तीन चित्रे, खाली '१८ वॅट, १.८५ मीटर, ११०० लिटर प्रतितास'. गिऱ्हाईक विचारते, "तीन फुटी टाकीला चालेल का?" दुकानदार म्हणतो, "धावेल." तो धावतोच. पण त्याच्यापुढे माशांनी किती धावायचे, हे कोणी विचारत नाही.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत फिश टँकविषयी अधूनमधून चांगले लेख येतात. मासे, वनस्पती, दिवे यांवर त्यांत भरपूर असते. पंपाची मात्र एका वाक्यात बोळवण होते: टाकीत जेवढे लिटर पाणी, त्याच्या पाचपट तासाला फिरवणारा पंप घ्या. वाक्य चूक नाही, पण ते गाळणीचे माप आहे. गाळणीतून पाणी तासाला किती वेळा जाते ही एक गोष्ट आणि माशाच्या अंगाला किती ओढ, म्हणजे वाहत्या पाण्याचा जोर, जाणवते ही दुसरी. दोन्हींची गल्लत झाली की नवाकोरा पंप महिन्याभरात माळ्यावर जातो. आम्ही टाक्या बसवून देतो, पंप विकत नाही. त्यामुळे कुणाची तळी उचलण्याचे कारण नाही.

आधी लिटरचा हिशेब. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणायची आणि येईल त्याला २८.३ ने गुणायचे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे १५९ लिटर. वरची दोन इंच मोकळी जागा, तळची वाळू आणि दगड वजा केले की हाती राहते १३० लिटरच्या आसपास पाणी. पंपाचा हिशेब या १३० वर करायचा. साध्या मिश्र टाकीत गाळणीतून तासाला चार ते सहा वेळा पाणी जावे, म्हणजे खरेखुरे ५२० ते ७८० लिटर. 'खरेखुरे' म्हणायचे कारण असे की खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो: नळी नाही, स्पंज नाही, एल्बो नाही, पाणी वर चढवणे नाही. आणि '१.८५ मीटर' म्हणजे ज्या उंचीला पंपातून थेंबही पडत नाही ती उंची. पंप तिथवर पाणी नेऊन धरतो, पुढे ढकलत नाही. या दोन टोकांच्या मध्ये प्रवाह उतरत जातो. टाकीखालच्या कपाटात संप (गाळणीची खालची वेगळी टाकी) ठेवून तीन-सव्वातीन फूट पाणी वर आणायचे असेल, तर ११०० चे निम्मे मिळाले तरी समाधान मानावे.

इथे एक चुकीची समजूत फार पसरलेली आहे. पंप टाकीच्या तळाशी ठेवला म्हणजे त्याला तळापासून पाणी उचलावे लागते, असे लोक धरून चालतात. तसे नसते. उंची मोजायची ती पंप ज्या पाण्यात बुडाला आहे त्या पाण्याच्या पातळीपासून, पाणी बाहेर पडते त्या तोंडापर्यंत. पंप तळाशी असो वा मध्यावर, टॉप फिल्टरला (टाकीच्या वर बसणाऱ्या गाळणीला) पाणी जेमतेम वीतभर चढवायचे असते. पंप खाली ठेवल्याने जोर कमी होत नाही. तोटा झालाच तर वाळू आणि विष्ठा ओढली जाण्याचा.

खरा प्रवाह मोजायला बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. पंप जिथे बसवायचा तिथे, त्याच नळीने, त्याच उंचीवर बसवा आणि नळीचे तोंड दहा लिटरच्या बादलीत सोडा. बादली भरायला लागलेल्या सेकंदांनी ३६,००० ला भागा. तासाचे लिटर आले. ३६ सेकंद लागले तर पंप खरोखर हजार लिटरचा, ६० लागले तर सहाशेचा, ९० लागले तर चारशेचा. टाकीतून दहा लिटर उपसताना पातळी थोडी खाली जाते, तेवढे चालवून घ्यायचे. तीन महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा करा. सेकंद वाढले असतील तर पंप घाण झाला किंवा झिजला, हे डोळ्यांना दिसायच्या आधी कळते. पंप विकणाऱ्या दुकानात एक बादली आणि फूटपट्टी असावी आणि गिऱ्हाइकासमोर दोन फूट उंचीचा आकडा काढून खोक्यावर पेनाने लिहून द्यावा, एवढीच आमची दुकानदारांकडे मागणी आहे. पाच मिनिटांचे काम आहे.

आता ओढ. वर सांगितलेल्या टाकीची रुंदी ३८ सेंटिमीटर आणि पाण्याची उंची ४० धरली, तर आडवा छेद १,५२० चौरस सेंटिमीटरचा. हजार लिटर तासाला म्हणजे सेकंदाला २७८ घनसेंटिमीटर. सगळे पाणी एकसारखे सरकले असते, तर त्याचा वेग सेकंदाला दोन मिलिमीटरही भरला नसता. मुंगी याहून जोरात चालते. मग त्याच टाकीत गप्पी कोपऱ्यात दबून का बसतात? कारण हे पाणी एकसारखे सरकत नाही, ते १२ मिलिमीटरच्या तोटीतून सुटते. तेवढ्या तोटीतून तासाला हजार लिटर सुटले तर तोंडाशी वेग होतो सेकंदाला अडीच मीटर, आणि फूटभर पुढे गेल्यावरही धारेच्या मधोमध अर्धा मीटर उरतो. चार सेंटिमीटरच्या माशाने सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या बारापट पळायचे. एखाद्या झेपेपुरते तो पळेल, दिवसभर नाही. म्हणजे धारेच्या वाटेवर वादळ आणि दीड वीत बाजूला साचलेले पाणी, अशी टाकीची फाळणी होते.

तेच हजार लिटर ४० मिलिमीटर रुंद तोंडातून सोडले की तोंडाशी वेग २२ सेंटिमीटरवर येतो. पाणी तेवढेच, पण त्याचा मारा गेला. पंख्यासारख्या पात्याचे पंप, ज्यांना दुकानात सरसकट वेव्हमेकर म्हणतात, ते चालतात याच तत्त्वावर. त्यांना पाणी उंच चढवता येत नाही; रुंद तोंडाने खूप पाणी हळू ढकलतात आणि जाता जाता आजूबाजूचे पाणीही सोबत ओढून नेतात. हे ओढलेले पाणी खोक्यावरच्या आकड्यात नसते. म्हणून पॉवरहेडचे (पाण्यात बुडवायच्या, बारीक तोंडाच्या नेहमीच्या पंपाचे) दोन हजार लिटर आणि पात्याच्या पंपाचे दोन हजार लिटर यांची तुलना म्हणजे बैलगाडी आणि सायकलची किलोमीटरवरून तुलना. गाळायचे असेल, वर चढवायचे असेल तर पॉवरहेड. टाकीभर पाणी हलवायचे असेल तर पात्याचा पंप. एकाच पंपाकडून दोन्ही कामे करून घ्यायचा हट्ट बहुतेक ठिकाणी अंगाशी येतो.

पॉवरहेड आधीच घेतला असेल तर तो फेकू नका, त्याला स्प्रे बार (भोके पाडलेली आडवी नळी) लावा. नळीचे आतले माप १२ मिलिमीटर असेल तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर भरते. चार मिलिमीटरची नऊ भोके पाडली की त्यांची बेरीज तेवढीच होते. मारा कमी करायचा म्हणून बारा-तेरा भोकांपर्यंत जायला हरकत नाही. त्याहून फार वाढवली तर पाणी सगळ्या भोकांतून सारखे येत नाही, बारच्या एका टोकाला जोर आणि दुसऱ्या टोकाला नुसती पाझर. भोके पाडल्यावर आतल्या कडेला राहिलेला प्लॅस्टिकचा खरखरीत कचरा काढायला विसरू नये. शेवाळ तिथेच आधी धरते. भोकांचा रोख पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवला तर वरचे पाणी थरथरते आणि आवाज होत नाही.

'नैसर्गिक प्रवाह' हा शब्द हल्ली खोक्यांवर फार दिसतो. कुठल्या निसर्गाचा, हे विचारून घ्यावे. आपली कृष्णाच घ्या. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरताना ती दगडांवरून खळाळत येते आणि सांगलीच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात ती जवळपास तळ्यासारखी उभी असते. नदी एकच, पण वरच्या अंगाचा मासा खालच्या डोहात रमत नाही. मल्या हा आपल्याकडचा ओढ्यानाल्यांतला मासा हनुवटीखालच्या चकतीने दगडाला धरून राहतो. ती चकती त्याला वाहत्या पाण्यासाठीच आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने दिली, तेव्हा त्याने बरीच गावठी नावेच शास्त्रीय नावांत घेतली. आजही मल्याला जगभर गारा मुल्या म्हणतात आणि आपल्या खडशी माशाला टॉर खुद्री. बोटाएवढा एक मासा तर १९५३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या वेण्णा नदीतूनच, पुंटियस सह्याद्रिएन्सिस या नावाने, शास्त्राला ठाऊक झाला. नदीतून मासे धरून आणा, असा याचा अर्थ मुळीच नाही. अभयारण्यातून तर नाहीच. आणि नको झालेला विकतचा मासा कृष्णेत सोडणे हे त्याहून वाईट. सांगायचे इतकेच की माशाचे अंग बघितले की त्याला किती ओढ हवी असते हे निम्मे कळते. निमुळते, गोल अंग, छोटे पर, पोटाला चकती किंवा चपटेपणा असला तर पाणी वाहते हवे. झेब्रा डॅनिओ, जायंट डॅनिओ, बहुतेक बार्ब, लोच या जातीचे. उंच, पातळ अंग आणि लांब पर असतील, जसे एंजल, डिस्कस, गुरामी, फायटर, तर पाणी संथ. बाजारातले फुग्यासारखे गोल्डफिश, विशेषतः बाहेर आलेल्या डोळ्यांचे, यांना निसर्ग कुठलाच नाही. ते माणसाने घडवले आहेत आणि पोहण्यात कच्चे आहेत. त्यांची घाण भरपूर, म्हणून गाळणी मोठी हवी, पण धार मोडलेली. याच कारणाने गोल्डफिशला स्पंज फिल्टर किंवा स्प्रे बारचा टॉप फिल्टर बरा पडतो.

ओढ मोजायला तुळशीचे एक वाळके पान पुरे. खाद्य टाकायची वेळ नसताना पान पंपाजवळ पाण्यावर सोडा आणि तीन फूट जायला किती सेकंद लागतात ते बघा. आमचे माप असे: फायटर-गुरामीच्या टाकीत तीस सेकंद किंवा जास्त, मिश्र टाकीत पंधरा ते वीस, ओढ्याच्या माशांच्या टाकीत मुख्य धारेत पाच-सहा. हे पृष्ठभागाचे झाले. तळाची चाचणी वेगळी करावी लागते. खाद्याचे दोन-चार दाणे बोटांत चुरून, ओले करून तळाशी सोडायचे. चुरा एका दिशेने सरकत गाळणीकडे गेला तर ठीक. एका जागी गोल गोल फिरत बसला तर तिथे भोवरा आहे. जागचा हललाच नाही तर ती मेलेली जागा, आणि दोन-तीन आठवड्यांत तिथेच निळसर-हिरवा, सायीसारखा थर दिसेल, जो बोटाने उचलला तर पापुद्र्यासारखा निघतो आणि ज्याला घाण वास येतो. या थरावर औषध ओतण्याआधी पंपाचे तोंड दोन बोटे वळवून बघावे.

माशांकडे बघूनही कळते, पण पहिल्या दिवशी नाही. नवा पंप लावल्यावर सगळेच मासे धारेत खेळतात आणि घरातले खूश होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बघा. मासे एखाद्या दगडाच्या किंवा गाळणीच्या आडोशाला रांगेने उभे असतील, खाद्य टाकले तरी मध्यातून न जाता काचेच्या कडेने येत असतील, शेपटीची टोके फाटत असतील, तर ओढ जास्त आहे. पृष्ठभागाशी तोंड लावून हापसत असतील तर उलटे: वरचे पाणी हलत नाही.

आता लाटांचे. पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद करून लाट उठवणारा कंट्रोलर हल्ली तीन हजारांच्या आतही मिळतो आणि गोड्या पाण्याच्या टाक्यांना सर्रास लावला जातो. समुद्रात पाणी खरोखर पुढेमागे हलते. खडकाला चिकटलेल्या प्रवाळाला जागेवरून हलता येत नाही, त्याला ती उलटसुलट हालचाल हवी असते. तिथे तासाला पाण्याच्या वीस ते चाळीसपट हलवणे सामान्य मानतात. नदीत तसे नसते. नदी एका अंगाला वाहते. झेब्रा डॅनिओला दर चार सेकंदांनी दिशा बदलून दाखवली तर तो डोके कुठे करायचे हेच ठरवू शकत नाही. शिवाय तीन फुटी टाकीत पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाऊन परत यायला सेकंद-सव्वासेकंद लागतो. कंट्रोलर नेमका त्या ठेक्यावर आला की झोपाळ्याला दर फेरीला धक्का द्यावा तसे हेलकावे वाढत जातात, पाणी कडेवरून सांडते आणि काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनवर दर सेकंदाला ताण येतो. बघायला छान दिसते, हे मान्य. स्टँड लाकडी, हलका असेल तर तोही किरकिरायला लागतो. गोड्या पाण्यासाठी पात्याचा पंप घ्याच, पण तो सरळ, सतत चालवा. वेग कमी-जास्त करण्याची सोय उपयोगाची आहे, लाटेची नाही.

पंप कुठे बसवायचा हे पंप कोणता यापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. तीन फुटी टाकीत पात्याचा पंप आखूड काचेवर, पृष्ठभागाखाली चार-पाच इंच, लांबीच्या दिशेने तोंड करून बसवला की पाणी वरून पलीकडच्या काचेपर्यंत जाते, तिथे खाली वळते आणि तळावरून परत येते. पूर्ण टाकीचे एक चक्र होते. तळावरून परत येणारे पाणी कचरा पंपाच्याच बाजूला आणते, म्हणून गाळणीचे ओढण्याचे तोंड त्याच बाजूला, तळाशी ठेवायचे. पलीकडे ठेवले तर कचरा गाळणीपासून लांब चालत जातो. दोन पंप समोरासमोर बसवले तर मधोमध दोघांचा जोर एकमेकांत जिरतो आणि खाली वाळूचा ढीग होतो. दगड रचताना मोठा दगड धारेत आडवा न ठेवता थोडा तिरका ठेवावा. त्याच्या मागे जो संथ खिसा तयार होतो, तिथे मासे विसावतात. वेगवान टाकीत असे दोन-तीन खिसे असलेच पाहिजेत; ओढ्यातही मासा चोवीस तास धारेत नसतो. मॅग्नेटने काचेला चिकटणारे पंप घेताना काच किती जाडीपर्यंत चालते ते खोक्यावर बघावे. आठ मिलिमीटरपर्यंतचा मॅग्नेट बारा मिलिमीटरच्या काचेवर दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या रात्री घसरून वाळूत तोंड खुपसतो.

ज्यांना ओढ्याचेच मासे पाळायचे आहेत त्यांनी नळ्यांची रचना करावी. खर्च कमी, फळ पुरेपूर. पाऊण इंची पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे टाकीच्या लांबीपेक्षा सहा-सात इंच आखूड कापून तळाशी समांतर ठेवायचे. प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना एल्बो. डाव्या एल्बोत भोके पाडलेला वीतभर उभा पाइप आणि त्यावर जाड भोकांचा स्पंज, उजव्या एल्बोत उभा पाइप आणि त्याच्या डोक्यावर पॉवरहेडचे ओढण्याचे तोंड घट्ट बसवायचे. पॉवरहेडचा रोख डावीकडे. म्हणजे पंप उजवीकडे असूनही पाणी डावीकडून, वाळूखालच्या पाइपातून ओढतो आणि वरून डावीकडेच सोडतो. टाकीत सगळे पाणी एकाच अंगाला वाहते, नदीसारखे, आणि परतीची वाट वाळूखाली दडलेली. पाइपावर वाळू आणि गोटे टाकले की काही दिसत नाही. सांधे नुसते दाबून बसवले तरी चालतात, कारण गळले तरी पाण्यातच गळणार. पाइप चिकटवायचे सोल्युशन लावायचेच तर एक दिवस वाळवून, पाण्याने खंगाळून मग टाकीत. वर सांगितलेल्या टाकीला खऱ्या सातशे-आठशे लिटरचे दोन पॉवरहेड पुरतात. या रचनेचा एकच गुन्हा: स्पंज तुंबला की पंप उपाशी राहतो, गुरगुरतो आणि तापतो. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनमुळे त्यातले कामाचे जिवाणू जातात.

जोर कमी करायला चावी लावायची असेल तर ती पाणी सोडण्याच्या बाजूला. ओढण्याच्या बाजूला कधीच नाही. तोंड आवळले की पंपात पाणी कमी येते, हवा धरते, आणि जो पंप पाण्याने गार राहायचा तो स्वतःच्या उष्णतेने जातो.

उष्णतेवरून कूलरच्या पंपाकडे परत येतो. पाण्यात बुडालेल्या पंपाचे सगळे वॅट शेवटी पाण्यातच जातात. २० वॅटचा पंप १०० लिटर पाणी साधारण सहा तासांत एक अंशाने तापवेल एवढी उष्णता देतो. त्यातली बरीच काचेतून आणि पृष्ठभागावरून निघून जाते, पण एप्रिल-मे मध्ये सांगलीत खोलीच तापलेली असते, तेव्हा निघून जाणार कुठे? २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३, आपण समुद्रसपाटीपासून उंचावर असल्याने त्याहून थोडा कमीच. गरम पाण्यात माशाला मात्र तो जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्यासाठी मोठा पंप, ही समजूत अर्धी उलटी आहे. पाच-सहा वॅटचा पात्याचा पंप पृष्ठभाग थरथरता ठेवतो आणि वीस वॅटच्या पॉवरहेडच्या चौथाई उष्णतेत काम भागवतो. बिलाचेही बघा: २० वॅट महिनाभर म्हणजे १४.४ युनिट, ६ वॅट म्हणजे ४.३. प्राणवायू बुडबुड्यांतून येतो असे समजून एअर स्टोन वाढवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. बुडबुड्यांचे मुख्य काम तळचे पाणी वर आणणे आणि पृष्ठभाग हलवणे. त्यावर छोटा टेबल फॅन तिरका सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी रोज भरावे लागते, एवढेच. झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लावले असेल तर मात्र दिवसा पृष्ठभाग फार हलवू नये, विकतचा वायू उडून जातो.

कूलरच्या पंपाचे आणखी दुखणे म्हणजे ओढण्याच्या तोंडाला नुसती जाळी. पिल्ले, कोळंबी, गोगलगाय सगळे आत. स्वस्त पंपांत इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या पात्याची) दांडी लोखंडी असते, ती गंजते. टाकीसाठी दांडी सिरॅमिकची हवी. खोके उघडून, इम्पेलर ओढून बघायला दुकानदाराने नकार दिला तर दुसरे दुकान बघावे. दांडीच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात, ते धुताना मोरीत जातात आणि मग पंप खर्र खर्र करतो. तासगाव, कवठेमहांकाळकडे बोअरचे पाणी जड असते तिथे चार-सहा आठवड्यांत दांडीवर पांढरी पुटे चढतात. पंप सुरू करताना नुसता गुणगुणला आणि फिरला नाही तर निम्म्या वेळा कारण हेच असते. इम्पेलर आणि दांडी एक भाग पांढरे व्हिनेगर, एक भाग पाणी यांत अर्धा तास ठेवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, दोनदा धुवायची. व्हिनेगर नसेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व. चाकूने खरवडू नये. सिरॅमिक दांडी काडीसारखी मोडते. पंपाचे ओढण्याचे तोंड वाळूपासून तीन बोटे तरी वर असावे. वाळूचा एक कण आत गेला की इम्पेलरची खोबण कायमची रुंद होते आणि तो आवाज पुढे कशानेही जात नाही.

विजेबाबत थोडक्यात, पण याच भागात जीव जातात. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. वायर टाकीतून निघून बोर्डाच्या खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी टपकते, प्लगमध्ये जात नाही. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पंपाआधी तो बसवावा. बारा किंवा चोवीस व्होल्टचे डीसी पंप महाग असले तरी पाण्यात २३० व्होल्ट नसतात, हा त्यांचा मोठा गुण. त्यांचा ॲडॅप्टर मात्र टाकीच्या झाकणावर न ठेवता कोरड्या जागी टांगावा. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घालावा. नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटे पंपात आणि पंपातून बोर्डाकडे येते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधे एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. साइन वेव्ह असेल तरच त्यावर जोडावेत. नाहीतर बॅटरीवर आपोआप चालू होणारा छोटा एअर पंप वेगळा ठेवलेला बरा. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरची बंद डब्यातली गाळणी) चार-सहा तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर लाइट येताच तो सुरू करू नये. आतले साचलेले पाणी ओतून द्यावे, स्पंज खंगाळावा, मगच.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात जिथे दिवसेंदिवस वीज नव्हती, तशी वेळ पुन्हा आली तर: खाद्य पूर्ण बंद, कारण निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. झाकण काढून ठेवायचे. दर दोन-तीन तासांनी तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन फूटभर उंचावरून परत ओतायचे, प्रत्येक वेळी तीस-चाळीस तांबे. साठवलेले स्वच्छ पाणी असेल तर रोज पाचवा हिस्सा बदलायचा. पुराचे पाणी टाकीत घालायचे नाही, ते कितीही निवळ दिसले तरी.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर साइक्ससाहेबांच्या माशांना लावावी. बादलीचा आणि वायरच्या झोक्याचा परिच्छेद तेवढा ठेवावा.

आपले,
फिश टँक बसवून देणारे दोन वाचक,
सांगली